निर्मातीची ओटी

लंडनमध्ये लतिकानं दहा वर्षं टीव्हीचे कार्यक्रम काढले, पण कॅमेऱ्याचं बटण स्वतः एकदाही दाबलं नाही. तिकडे ते काम कॅमेरामनचं. निर्मातीनं माणसं जमवायची, वेळ पाळायला लावायची, कुणी रुसलं तर समजूत काढायची. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

जन्मही तिचा लंडनचाच. मराठी मात्र आईनं घोटून शिकवलेली. त्र्याऐंशी साली प्रसन्नशी रजिस्टर लग्न करून ती मिशिगनमधल्या ट्रॉयला आली. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याला काम होतं, हिला नव्हतं. मोठ्या स्टेशनांनी तिचं जुनं काम पाहून "व्हेरी नाइस" म्हटलं, आणि विषय संपला. शेवटी एका छोट्या केबल केंद्रानं तिच्या हाती कॅमेरा दिला. तुमच्या लोकांवर अर्धा तास करून आणा, आवडला तर दरमहा वेळ देऊ, म्हणाले. लतिकाला दुसरं दार उरलं नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिथल्या मराठी मंडळींतल्या शरयूकाकूंकडे होतं; लतिका कॅमेरा घेऊन तिथे गेली. त्यांची नवी सून नीला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसली. काकूंनी तिची ओटी भरली तेव्हा पोरीचे डोळे भरून आले. लतिका मनात म्हणाली, झालं, कार्यक्रम मिळाला! टेप मागे नेऊन बघते तो काय, कोरी. बटण दाबायचंच राहिलं होतं.

"काकू, प्लीज, वन मोअर टाइम. ओटी परत भरता?"

"परत? म्हणजे तांदूळ काढून घेऊ तिच्याकडून?"

"अहो आई, नुसतं केल्यासारखं करू ना," नीला म्हणाली.

"केल्यासारखं नाटकात करा. माझ्या घरात नाही."

लतिका वायर गुंडाळू लागली. काकू बघत राहिल्या.

"तुझी भरली का गं कुणी?"

"नाही, काकू. आई लग्नाआधीच गेली."

"मग बस पाटावर."

"अहो, मी प्रोड्यूसर आहे! आणि ही जीन्स..."

"असू दे. पाट काही विचारत नाही."

नीलानं आपली शाल तिच्या खांद्यांवर घातली. पुरुषमंडळी खाली बेसमेंटमध्ये फुटबॉल बघत होती; तिथून प्रसन्नला हाक गेली. तो धापा टाकत वर आला.

"काय झालं?"

"बटण दाब. लाल दिवा लागला का? परत बघ."

"लागला गं बाई!"

काकूंनी कुंकू लावलं, शालीत तांदूळ आणि नारळ घातला आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

केंद्राला तो अर्धा तास फार आवडला. कार्यक्रम दर महिन्याला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. "कॅमेऱ्याकडे बघू नका" म्हणून सगळ्यांना दटावणारी लतिका त्या पहिल्या भागात ओटी सांभाळत थेट कॅमेऱ्याकडे बघून रडताना दिसते. "तेवढं कापून टाक," प्रसन्न म्हणाला होता. तिनं कापलं नाही.

पुढे दर संक्रांतीला ती पहिला तिळगूळ घेऊन काकूंकडेच जाई. त्या दिवशी कॅमेरा घरी असे.