रावसाहेबांचा कारकून

रावसाहेबांना कुणी काही वाचून दाखवलेलं खपत नसे. डोळे गेले की माणूस मऊ होतो म्हणतात. हे उलट जास्तच कडक झाले. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार असा होता की कडेकडेचं दिसायचं आणि नेमकं समोरचं धूसर. त्यामुळे ते आपल्याकडे न बघता आपल्याशी बोलत, आणि नवख्या माणसाला वाटे की हा गृहस्थ आपल्याला मोजत नाही. काही वेळा ते खरंही असे.

तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून अख्ख्या सोसायटीचे ते रावसाहेब. बिबवेवाडीच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोब्बर खाली. मी शाळेत मराठी शिकवते, आवाज बरा आहे असा माझा समज आहे, म्हणून एकदा मोठ्या मनाने म्हणाले, "रावसाहेब, रोज संध्याकाळी तासभर येत जाईन वाचायला."

"आपला आवाज फार चांगला आहे, मॅडम," ते म्हणाले. "म्हणूनच नको."

मला राग आला आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार, पण त्याचा उपयोग काय? चेहरा त्यांना दिसत नव्हता. चहा आला तेव्हा त्यांनीच खुलासा केला. नाना पेठेतल्या त्यांच्या वस्तीत लहानपणी वाचता येणारं पोर म्हणजे हेच. वडील हमाल. संध्याकाळी मोठी माणसं दमून येत, याला मधे बसवत आणि पेपर वाचून घेत. "भूक लागली की मी दोन दोन परिच्छेद गिळायचो," ते म्हणाले. "कुणाला पत्ता लागायचा नाही. एवढी जाणती माणसं, आणि त्यांना जगातलं काय कळावं हे माझं पोट ठरवायचं. वाचणारा काय गाळतो ते मला विचारा."

तरी मुलीचं वाचणं त्यांनी चालवून घेतलं होतं. सुजाता सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी त्यांना पेपर वाचून दाखवी. एक दिवस तिने एक निधनवार्ता गाळली. वडिलांच्या कचेरीतले जुने स्नेही, नोकरीभर शेजारच्या टेबलावर बसलेले. रावसाहेबांना ते कळलं एका लग्नात, अक्षता हातात असताना, तेही पुण्यानुमोदनाचा शोकविधी उरकून गेल्यावर. घरी येऊन ते ओरडले नाहीत. सुजाता म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्रास झाला असता."

"त्रास माझा होता," ते म्हणाले. "तो तू का ठेवून घेतलास?"

तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला, तर यांनी हात आडवा केला. मग घरात नवा स्मार्टफोन आला. कागदासमोर धरला की मोठ्याने वाचून दाखवतो, अशी सोय त्यात असते एवढंच रावसाहेबांनी ऐकलं होतं. अशी अ‍ॅप एक सोडून अनेक निघाली. सुजाता म्हणाली, सगळ्यांत लोकप्रिय असेल ते घेऊ. रावसाहेब म्हणाले, "नेमणूक अशी करत नाहीत." रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते टेबलाशी बसले आणि रीतसर मुलाखती सुरू झाल्या. परीक्षेला तीनच कागद: विजेचं बिल, एका पुस्तकाचं पान, आणि शिक्का अर्धवट उमटलेला एक जुना सरकारी आदेश. मला साक्षीदार म्हणून बसवलं होतं.

पहिली उमेदवार बाई होती, आवाज साखरेसारखा. तिने 'शाळा'ला 'शाला' म्हटलं. "पुढचा," रावसाहेब म्हणाले. दुसरी दुःखाचा मजकूर दुःखी आवाजात वाचायची. मला ती आवडली होती, मी तसं बोलूनही दाखवलं. "वाईट मला वाटायचंय, मॅडम. तिला कशाला?" तिसरीला प्रत्येक कागद इंटरनेटवरून कुठेतरी पाठवल्याशिवाय वाचताच येईना. "माझा कागद माझ्या टेबलावर वाचा, नाहीतर उठा." चौथी फार हुशार निघाली. आदेशाचं पान समोर धरताच तिने विचारलं, सारांश सांगू का? रावसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "सारांश? मी मागितला का? सुजाता, ही तुझीच बहीण दिसते!" सुजाता हसली, पण तिला ते लागलं हे मला दिसलं.

निवड झाली ती एका रुक्ष पुरुषी आवाजाची. हा बाबा सगळं वाचायचा. पानाचा नंबर, तळटीप, शिक्क्यातली उरलीसुरली अक्षरं, जावक क्रमांकसुद्धा. वेग कमीजास्त करता यायचा, आणि बोट सरकवलं की वाक्य पुन्हा वाचायचा. "माणसाला परत वाच म्हटलं की तो उसासा टाकतो," रावसाहेब खुशीत म्हणाले. "हा कारकून चांगला. याला समज नाही, म्हणून हा काही गाळत नाही." तेव्हापासून माझ्या छतावरून रोज सकाळी कारकुनाचं वाचन ऐकू यायला लागलं. खरं सांगते, पहिले काही दिवस डोकं उठायचं.

पुढे आमची इमारत पुनर्विकासाला निघाली. करारनाम्याची प्रत रावसाहेबांनी आधी मागितली होती. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मीटिंगमध्ये सगळं समजावून सांगणारच आहोत." मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाने छान समजावून सांगितलं आणि कागद फिरायला लागले. लोक भराभर सह्या करत होते. कागद रावसाहेबांपुढे आला, तसा त्यांनी खिशातून फोन काढला.

"काका, मी दोन मिनिटांत सांगतो ना पुन्हा," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"तुम्ही सांगता ते तुमचं. सही मी या लिहिलेल्यावर करणार."

मग कारकुनाने वाचायला सुरुवात केली. पान, कलम, उपकलम. कुणी घड्याळ बघितलं, कुणी खुर्ची सरकवली, अध्यक्ष म्हणाले, "रावसाहेब, लोक खोळंबलेत." रावसाहेबांनी बोट सरकवून तेच कलम पुन्हा ऐकलं. चहा निवला. मला आतून काय आनंद होत होता, काय सांगू! शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी मला सहीच्या जागेवर बोट ठेवायला सांगितलं आणि झोकदार सही ठोकली.

"काय निघालं मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही. व्यवस्थित आहे."

"मग एवढा वेळ कशाला घेतलात?"

"वाचायला."

पुढचा कागद तळमजल्याच्या साठेकाकूंपुढे होता, पेनही हातात होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी पण घरी नेऊन वाचते," त्या म्हणाल्या. "उद्या देते."

इमारत रिकामी झाली आणि आम्ही पांगलो. रावसाहेब कात्रजला भाड्याच्या घरात गेले आणि तिथूनच गेले. नवी इमारत अजून उभी राहायची आहे. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. त्यांच्या तोडीचा अडेलतट्टू माणूस मला पुन्हा भेटायचा नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. निघताना सुजाता दारापर्यंत आली. म्हणाली, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत, बाबांना इतक्यात सांगू नका.

"मग?" मी विचारलं.

"मी आत गेले आणि डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं. इतक्यात सांगू नका म्हणाले, तेसुद्धा. बाबांनी हातातला फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, पेपर आणलायस का? वाच."