नंदाआत्याची खालची ओळ

अन्याय झाला तो नंदाआत्यावर. तीन वर्षांपूर्वी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तालुक्याच्या सभागृहात. वेळ एवढी नेमकी सांगते, कारण मी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होते. आत्याचा फोटो झाला की आम्हा दोघींना परतीची एसटी धरायची होती. 'दात घासा, हात धुवा' असं एक पोस्टर निघणार होतं आणि त्यावर मुलांसोबत उभं राहायला सगळ्या अंगणवाडीताईंमधून तिला निवडलं होतं. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." ती हसली. पहिल्या रांगेतले अंगणवाडी खात्याचे साहेब शेजारच्या मॅडमना म्हणाले, आणि हळू म्हणाले नाहीत, "मिश्री लावणारी बाई दात घासायच्या पोस्टरवर? दुसरी कुणी बघा." सभागृहात हशा झाला. आत्या स्टेजवरून उतरली, पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चल आश्वे, गाडी जाईल."

नंदाआत्याने जन्मात मिश्रीला बोट लावलं नव्हतं. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरड्यांना चोळत बसणाऱ्या बायकांच्या हातातली डबी ती हिसकावून घ्यायची. तिच्यावर हा आळ. आणि हसणाऱ्यांत तिच्याच बरोबरीच्या बायका होत्या, हेही लिहून ठेवते.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. नगरच्या पूर्वेला (कागदावर आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी नगरच) डोंगराच्या कडेला आमचं कोरडं गाव. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. त्या पोरांची आई सहा महिने नंदाआत्या. ती गावचीच लेक. लग्न होऊन गेली आणि पाच वर्षांनी एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. का, ते कुणी विचारलं की म्हणायची, "पेटी जड झाली हुती, म्हनून ठिवायला आले." लेकीची माहेरात आत्या होते, तशी ती अख्ख्या गावाची आत्या झाली. हसायला लागली की पारावर बसलेली म्हातारी तिथून ओरडायची, "काय झालं गं नंदे?" दात तपकिरी. पट्टे उमटलेले, आणि जात्याच्या पाळूवर टाकी मारावी तसे बारीक खड्डे. तिला काही वाटायचं नाही. "बघनारानं बघावं. तोंड काय भाड्यानं आनलंय?"

तिच्या दातांचं कारण तिने स्वतः शोधलं होतं, कुठलाही साहेब न विचारता. तिचा थोरला भाऊ एकनाथतात्या तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचे दात पांढरे. तिचे नि तिच्या पाठच्या दोघांचे तपकिरी. आई एक, भाकरी एक, बाभळीची काडी एक. "मग बदललं काय?" ती विचारायची आणि स्वतःच सांगायची, "पानी. दादा आडाचं पानी पिऊन वाढला. माझ्या येळेला दुष्काळानंतर बोअर घेतली, हातपंप बसला. गावाला वाटलं, देव आला." मग तिने सगळं गावच असं तोंड उघडून वाचून काढलं. पंपाच्या आधीचे पांढरे, पंपानंतरचे पट्ट्याचे. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात बघून तिच्या माहेरी आड होता की बोअर, हे ती सांगायची, आणि सून पदरात तोंड लपवून "व्हय आत्या" म्हणायची. आमच्या जिल्ह्यात पाण्याचं कौतुक फार. शाळेच्या सहली हिवरे बाजारला नेतात, बंधारे दाखवतात, विहिरींची पातळी सांगतात. पाणी किती आहे हे सगळे मोजतात. पाण्यात काय आहे हे आमच्या गावात एका बाईने मोजलं, तेही दातांवरून.

सभागृहातून आल्यावर ती काही बोलली नाही. मी बोलले. मी तेव्हा पत्रकं काढायचे, अजूनही काढते. माझ्या मोबाइलमध्ये तिचा हसतानाचा एक फोटो होता. त्यातलं नुसतं तोंड कापून मोठं केलं, वर ठळक अक्षरात छापलं, 'हे दात कुणी रंगवले?', खाली फ्लोराइड, हातपंप, प्रशासन झोपलंय का वगैरे, आणि आठवडे बाजारात गठ्ठाच्या गठ्ठा वाटला. फार अभिमान वाटला मला.

पुढच्या बाजारी आत्या आमच्या दारात आली. हातात तेलकट कागदाचा पुडा. भेळवाल्याने तिला तिच्याच दातांत भेळ बांधून दिली होती.

"हे माझं हाय ना?"

"आत्या, अगं, पुरावा लागतो. लोकांना दिसलं पाहिजे."

"पुरावा माझ्याच तोंडात हाय का? तुझ्या न्हाई?"

माझेही दात तसेच आहेत. कॉलेजच्या ओळखपत्रापासून मैत्रिणीच्या लग्नापर्यंत माझ्या एकाही फोटोत तोंड उघडं नाही.

"त्या सायबानं मला न इचारता माझ्या दाताचं मत केलं. तू न इचारता कागद केलास. तो परका तरी हुता." एवढं बोलून तिने तो पुडा तसाच माझ्या हातात दिला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ऱ्हाऊ दे. भेळ खा, मऊ पडंल."

पण खरा घाव संक्रांतीला दिसला. मी तिळगूळ घेऊन अंगणवाडीत गेले. पोरं गाणं म्हणत होती. गाण्यात माकड पडतं, तिथे सगळी खिदळली, आणि खिदळताना एकूण एक पोराने तोंडावर हात धरला. दुधाचे दात, ज्वारीच्या कोवळ्या दाण्यासारखे स्वच्छ, आणि त्यावर झाकलेले तळवे. मी आत्याकडे पाहिलं. तीही हसत होती, तोंडावर पदर धरून. सभागृहातून आल्यापासून तो पदर तिथे होता. मीच पाहिला नव्हता. पोरांनी पाहिला होता. आत्या शिकवते म्हणजे हसायचं असंच असतं.

तिनेही तेव्हाच पाहिलं. पदर सोडला. चार वर्षांच्या एका पोरीचा हात धरून तोंडावरून खाली घेतला. पोरीने पुन्हा वर नेला.

"मी शिकवल्यालं हाय," आत्या म्हणाली. "मलाच मोडावं लागंल."

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "मला पुढच्या दातावर काहीतरी बसवायचंय. हात आपोआप वर जातो, मी किती दाबला तरी. चल नगरला."

एसटीत मी तिच्याशी भांडले. झाकलंस म्हणजे ते जिंकले, साहेबाला हेच हवं होतं, आपली लढाई पाण्याची आहे, असं सगळं पत्रकातलं बोलून झालं. ती खिडकीतून बघत होती. "लढाई माझी हाय की तुझी, ते आधी ठरीव," म्हणाली.

सावेडीतला तो दातांचा डॉक्टर तरुण होता, स्वभावाने बरा. त्याने आधी मशीनने दात साफ केले. पट्टे जागच्या जागी. "तंबाखूचा डाग असता तर निघाला असता. हे दात बनतानाच आतून झालंय. लहानपणीचं पाणी."

"हे लिहून द्या," आत्या म्हणाली, तोंडात नळी असताना.

मग त्याने व्हिनिअरचे, म्हणजे दातावर बसवायच्या पातळ आवरणाचे, दोन प्रकार सांगितले. "पोर्सिलेन म्हणजे चिनी मातीच्या जातीचं. दाताचा पुढचा थर घासून कमी करायचा, माप घ्यायचं, लॅबमधून पातळ पापुद्रा बनून येतो, तो चिकटवायचा. चहा-हळद लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. कॉम्पोझिट म्हणजे लेप. मी इथेच थरावर थर देतो, निळ्या दिव्याने कडक करतो, एका बैठकीत काम. पण त्याचा रंग उतरतो, टवका उडतो, काही वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. शिवाय तुमचे डाग गडद आहेत, लेपातून थोडी सावली दिसेल. मी तर पोर्सिलेनच सुचवेन."

"उद्या मला वाटलं, काढून टाकावं. तर खाली माझा दात जसाच्या तसा असंल?"

डॉक्टरने मान हलवली. "पोर्सिलेनमध्ये नाही. घासलेलं परत येत नाही. मग कायम काहीतरी बसवूनच राहावं लागतं."

"आन लेपात?"

"पकड यावी म्हणून थोडं खरवडावं लागेल. पण दात बहुतेक तुमचा तुमच्याकडे राहील."

"मंग सारवनच बरं," आत्या म्हणाली. डॉक्टरला कळलं नाही, तेव्हा त्याला समजावलं, "फरशी बसवायची तर भुई खनावी लागती. सारवन पुन्हा पुन्हा घालावं लागतं, पन खालची भुई आपली ऱ्हाती. सावली दिसंल तर दिसू द्या."

तो हसला आणि म्हणाला, नव्या दवाखान्याची जाहिरात करायची आहे. आधीचा आणि नंतरचा फोटो बोर्डावर लावू दिला तर पोर्सिलेन फुकट करून देईन. मला वाटलं, घेईल. कोण नाही घेणार?

"न्हाई डॉक्टर. 'आधीचं तोंड' म्हनून मी भिंतीवर टांगनार न्हाई. एकदा भेळीच्या कागदावर जाऊन आलीये." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पैसे तिने तिचे दिले.

रंग निवडायला त्याने नमुन्याच्या दातांची पट्टी पुढे धरली. "कासाराकडं बांगड्या भराया आल्यागत वाटतंय," आत्या म्हणाली. त्याने सगळ्यात पांढरा दाखवला, तो तिने बाजूला सारला. "ह्यो चुना झाला. मालदांडी ज्वारीचा रंग असंल तो द्या." वरचे सहा दात केले. खालचे करू का, त्याने विचारलं. "ते ऱ्हाऊ द्या. त्यांचं काम हाय."

काम काय ते ग्रामसभेत कळलं. दरम्यान दोन गोष्टी झाल्या. एक, महिन्याच्या बैठकीत आत्याने डॉक्टरची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मोठ्यानं वाचा. तवा मोठ्यानंच बोलला हुता." साहेबांनी चिठ्ठी मॅडमकडे सरकवली, मॅडमनी वाचली, आणि या वेळी कुणी हसलं नाही. माफी मात्र कुणी मागितली नाही, ती अजून बाकी आहे. दोन, तिने हातपंपाचं आणि जुन्या आडाचं, दोन्ही पाणी तपासणीला पाठवलं. पंपाच्या पाण्यात दात डागाळणारं फ्लोराइड मर्यादेबाहेर, आडाचं पिण्याजोगं. तो कागद घेऊन ती ग्रामसभेत उभी राहिली. अंगणवाडीच्या पोरांना पंपाचं पाणी बंद करा, म्हणाली. त्यांचे पक्के दात आता हिरडीच्या आत बनताहेत, आज प्याले ते उद्या दिसणार.

सरपंच म्हणाले, "आत्या, तुमचं तर आता हिरॉइनीवानी झालं. आता कसली तक्रार?"

सभा हसली. आत्याने खालचा ओठ बोटाने खाली ओढला, आणि तशीच पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली. मग ओठ सोडला. "वरची वळ पोरांसाठी केली. खालची तुमच्यासाठी ठिवलीये. पुन्हा इचारलं तर पुन्हा दाखवीन."

सभेने 'बघू' म्हटलं. आत्याने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी लाल ऑइलपेंटचा डबा आणून पंपावर फुली मारली आणि कळशी घेऊन आडावर गेली. आठवडाभर एकटी. मग दोन आया आल्या, मग एकनाथतात्याने आडाला रहाट बसवून दिला. पोरं आडाचं पाणी प्यायला लागली. वरच्या दातांचा एकदा टवका उडाला, चहाने रंग पिवळसर झाला. ती नगरला जाऊन सारवून आली. हात तोंडावर जायचा थांबला. पोरांचे हात कधी खाली आले, ते मला कळलं नाही. एके दिवशी गेले तर माकड पडलं आणि अंगणवाडीभर तोंडंच तोंडं उघडी.

गेल्या चैत्रात ती गेली. सकाळी आडावरच छातीत कळ आली, कळशी भरलेली होती. घरी आणून ठेवली तेव्हा ओठ जरासे विलगलेले, खालची ओळ दिसत होती. तिच्या सासरकडच्या कुणी एक बाई आल्या होत्या, इतक्या वर्षांनी. त्या वाकून बघत शेजारणीला म्हणाल्या, "मिश्रीचं व्यसन हुतं वाटतं बाईला."

मी उठलेच होते. एकनाथतात्याने माझा हात धरून खाली बसवलं. तो पासष्टीचा माणूस, दात अजून पांढरे.

"व्यसन हुतं," तो त्या बाईंना म्हणाला. "पान्याचं. ल्हानपनापासून."

तो लाल रंगाचा डबा आता माझ्याकडे आहे. फुली पावसाने पुसट होते, मी पुन्हा मारते. नवं पत्रक काढलंय, त्यावर या वेळी माझं तोंड आहे, पूर्ण उघडं, दोन्ही ओळी, आणि खाली माझं नाव.

आता तुमचं. हे वाचून हळहळू नका, तिला ते आवडायचं नाही. उद्या सकाळी तुमच्या गावच्या, वस्तीच्या, गल्लीच्या अंगणवाडीत जा. पोरं पितात ते पाणी कुठून येतं, विचारा. त्याच्या तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर तो येईपर्यंत तिथून उठू नका. आणि तिथे एखादी बाई तोंडावर पदर धरून बोलत असेल, तर तिला मिश्रीचं विचारू नका. लहानपणी ती कुठलं पाणी प्यायली, ते विचारा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या.