न लिहिलेल्या दोन ओळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीलासुद्धा नाही, आणि तिला वाटतं मी तिच्यापासून काहीच लपवत नाही. तुम्हाला का सांगतेय? – तुम्ही महानंदाला ओळखत नाही म्हणून असेल.

लातूरला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, एकाच ऑफिसात काम करायचो. मी रेणापूरची, ती उदगीरची. तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. भाजी ती करायची, भाकरी मी. तिच्या भाकरीला लातूर जिल्ह्याचा नकाशा यायचा, हे मी तिला रोज ऐकवायचे. आता त्या खोलीत मी एकटीच आहे. दुसरी कुणी आणली नाही. का? – तेही यातच आलं.

आमचं ऑफिस शाळांना, क्लासेसना निकालाचं सॉफ्टवेअर करून देतं. दर वेळी तेच पुन्हा लिहायला नको म्हणून मी पायथन या संगणकाच्या भाषेत त्याचं एक पॅकेज बांधलं – एकदा बांधायचं, लागेल तिथे बसवायचं. बांधणारी मी, गावोगाव जाऊन बसवणारी महानंदा. लोहा म्हणा, भोकर म्हणा – पाठीला सॅक अडकवून हसत निघायची.

आता जरा किचकट आहे, पण ऐका. पॅकेज बांधताना कोड आपोआप आत जातो. पडद्यावर दिसणारी पानं, चित्रं, रंगरूपाच्या फायली – त्या जात नाहीत. त्या घ्यायच्या तर मॅनिफेस्ट नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये तसं लिहावं लागतं. दोन ओळींचं काम. मी लिहिल्याच नाहीत. आणि माझ्या मशीनवर सगळं झकास चालत होतं – का नाही चालणार? त्या फायली माझ्याच फोल्डरमध्ये होत्या ना! दुसऱ्या मशीनवर बसवून बघायचं असतं. मी कंटाळा केला.

इथवर नुसती चूक आहे. त्या चुकीबद्दल मी बोलतच नाहीये.

नांदेडच्या एका क्लासमध्ये महानंदा ते बसवायला गेली. संचालक आणि सगळे शिक्षक समोर, भिंतीवर मोठा पडदा. आणि त्या पडद्यावर – पांढऱ्या पानावर एररची एक ओळ. तिचा फोन आला, दबक्या आवाजात. "अगं, यात पानंच न्हाईत. नुसता कोड हाय. बघ की जरा."

मी म्हटलं, माझ्याकडं तर चालतंय, तूच नीट बसवलं नसशील. फोन ठेवला आणि पॅकेज उघडून पाहिलं. ती म्हणत होती तसंच होतं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. आमचं ऑफिस चालवणाऱ्या सरांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. उठून सांगायचं – एवढंच. आमच्यात रीत अशी की दुरुस्ती केली की पॅकेजला नवा आकडा द्यायचा, म्हणजे आधीच्यात खोट होती हे सगळ्यांना कळतं. मी त्या दोन ओळी लिहिल्या, पॅकेज पुन्हा बांधलं आणि – जुनाच आकडा ठेवून ऑफिसच्या सर्व्हरवर जुन्याच्या जागी चढवलं. मग तिला फोन केला. आधीचं काढून टाक, सर्व्हरवरून परत उतरवून बसव म्हणाले.

अर्थात, चाललं. दुसऱ्या दिवशी नांदेडहून तक्रार आली तेव्हा सरांनी स्वतःच्या मशीनवर बसवून पाहिलं, तिथेही चाललं. तोच आकडा, तेच पॅकेज – मग आधी का नाही चाललं? सरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. मदत मागत नव्हती हो, तिला खरंच प्रश्न पडला होता. मी कीबोर्डवरची धूळ पुसत बसले. शेवटी तीच म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल, सर."

तिला कुणी काढलं नाही. फक्त बाहेरगावी पाठवणं बंद झालं. मग ती एकेक गोष्ट तीनतीनदा तपासायला लागली, साध्या कामालाही हात लावायला भ्यायला लागली. गॅस बंद केला का बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जायची. मी खाली उभी राहून तिची वाट बघायचे. काही महिन्यांनी ती उदगीरला निघून गेली. जाताना तिची कढई माझ्यासाठी ठेवून गेली.

नोकरी जाईल म्हणून मी भ्याले होते का? छे. सर ओरडले असते आणि चहापर्यंत विसरले असते. ऑफिसात हुशार म्हणून माझं नाव होतं. ते मला तसंच हवं होतं.

परवा तिचा फोन आला. तीच करते, मी करत नाही. आता दुकानात बसते. भाची कॉम्प्युटर शिकतेय म्हणाली. "तिला म्हणलं, माझ्या मैत्रिणीवानी शिक. माझ्यावानी धांदरट होऊ नको. बरोबर हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "हाव, बरोबर."