पिवळा रंग खिडकीत पाहावा

बोईसरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या वाडीत विड्याची पानं खुडत होतो. "बाबा, आत्या गेली," एवढंच मनू, माझी मुलगी, म्हणाली. तिची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. हातातली पानं मी टोपलीत नीट रचली आणि मग खाली बसलो. महिना उलटला, पण फोन वाजला की मी अजून आधी हातातलं खाली ठेवतो.

आक्का पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. दरवर्षी प्रॅक्टिकलसाठी माझ्या वेलींची गर्द पानं पिशवीत भरून न्यायची. एकदा पिशवी घरीच राहिली म्हणून मी पोचवायला गेलो, तर तिने मला तिथंच बसवून घेतलं. पानांचा हिरवा अर्क, पांढऱ्या पुडीने भरलेली उभी काचेची नळी, आणि वरून हळूहळू सोडलेलं द्रावण... मला वाटलं, हिरवं ते हिरवंच उतरणार. पण थोड्या वेळाने हिरव्याच्या पुढे एक फिकट पिवळा पट्टा सरकू लागला. "हे पानात होतंच," आक्का म्हणाली, "हिरव्यात झाकलेलं. तेच आधी खाली येतं." मी मात्र घाबरलो. पान पिवळं पडणं म्हणजे आमच्या लेखी वेलीला रोग. "आक्का, आपल्या पानांना काय झालं नाय ना?" पोरं खुदखुदली. "तुला काळजीला निमित्तच लागतं," ती म्हणाली.

पिवळ्याच्या बाबतीत तीही काही कमी नव्हती. तो रंग इतका फिका की ट्यूबलाइटखाली डोळा फसतो. तो कुठे संपला हे चुकलं, तर मागचा हिरवा खाली धरलेल्या त्याच परीक्षानळीत उतरतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ती प्रत्येक परीक्षानळी खिडकीपाशी नेई आणि मागे कोरा कागद धरून पाही. साडीचा रंगसुद्धा तिने कधी दिव्याखाली ठरवला नाही.

पावसाळा सरताना एका संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "आक्का, तुझे डोळे पिवळे दिसतात."

"दिव्याचा उजेड हाय. सकाळी खिडकीत बघ."

सकाळ होईपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं. ती आपणहून खिडकीपाशी उभी राहिली, गालाशी कोरा कागद धरला. "नीट बघ. घाई नको." मी पाहिलं.

"हाय का?"

"हाय."

तिने कागदाची घडी घातली. "मग आज कॉलेजला नाय जात," म्हणाली. रिपोर्टची वाट पाहताना दवाखान्याच्या बाकावरून मीच सारखा उठत-बसत होतो, ती शांत बसली होती. आजार यकृतात होता, फार पुढे गेलेला. दिवाळी तिला दिसली नाही.

तो कागद अजून खिडकीच्या गजांत खोचलेला आहे. मनू कामाला निघाली की मी तिला तिथं थांबवतो, उजेडात तिचे डोळे पाहतो. हे वेड आहे, कळतं मला, पण पाहिल्याशिवाय तिला सोडवत नाही. "बाबा, मला काय नाय झालं," म्हणून ती रोज करवादायची. परवा मात्र तिने मलाच खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं आणि आत्याचा तो कागद माझ्या गालाशी धरला.

"तुमी हलू नका," ती म्हणाली. कामावर जायची वेळ टळली, तरी ती माझे डोळे पाहत होती.