पांगबाईंची मधली मांजर

गेल्या वसंतात मी एका म्हाताऱ्या आजींच्या निधनवार्तेवर चेरीच्या गुलाबी पाकळ्या उधळल्या.

मुद्दाम नव्हे. दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या ज्या लहानशा कंपनीत मी नोकरी करतो, तिथे लग्नाच्या मोबाइल पत्रिका आणि निधनाच्या सूचना एकाच टेबलावर तयार होतात. त्या दिवसांत मी दुपारी वेब ॲनिमेशनच्या मधल्या पातळीच्या कोर्सला जात होतो. पडद्यावर बोट लागेल तिथून पाकळ्या कशा उडवायच्या हे शिकून आलो आणि माझ्या अंगात आलं. पाकळ्या टाकल्या लग्नपत्रिकेत. पण ती फाइल दोन्हीकडे चालते, हे विसरलो. अंत्यदर्शन ठेवलेल्या शोकगृहाचा नकाशा उघडायला कुणी बोट लावलं की आजींच्या फोटोवर नवरीच्या अंगावर पडाव्यात तशा पाकळ्या पडू लागल्या.

आजींचे चिरंजीव, कू साहेब, यांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"माझी आई लग्नाला निघालेली नाही," ते म्हणाले.

मी माफी मागितली. फोनवरच कमरेत वाकलो, जणू त्यांना दिसणार होतं.

"ते राहू दे. माझी धाकटी बहीण ब्राझीलला असते. उद्या सकाळी आईला न्यायचंय, तोवर ती पोचायची नाही. तिच्या हातात तुमचं हे एक पानच आहे. त्यावर तिला आईपुढे फूल ठेवता येईल का?"

"येईल," मी म्हणालो. कसं येईल, याचा मला पत्ता नव्हता. पाकळ्या काढून टाकल्या आणि तसाच कोर्सला पळालो.

नूडल्सच्या दुकानावरच्या माडीवर आमचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या पांग इन्सुकबाई साठीला टेकल्या आहेत. मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा आहे, तो काही केल्या जात नाही. तरुणपणी त्या राजधानी सोलमध्ये कार्टूनच्या कारखान्यात होत्या. कार्टून परदेशी लोकांची. "मांजर उडी मारायला बसते ते चित्र तिकडून यायचं," त्या सांगतात, "आणि भिंतीवर जाऊन बसते तेही तिकडूनच. मधली सगळी मांजर आमची." अशी अर्धं आयुष्य त्यांनी हवेतली मांजरं काढली. पुढे कारखाना बंद पडला. तेव्हा निम्म्या वयाच्या पोरांच्या बाकावर बसून त्या कॉम्प्युटर शिकल्या. आता शिकवतात ते फक्त मधला कोर्स. वरचा दिला तरी घेत नाहीत. म्हणतात, "सुरुवात आणि शेवट कुणालाही जमतो."

मी झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पाकळ्या नीट पाहिल्या.

"पाकळ्या चांगल्या आहेत. चुकीच्या घरी गेल्या, एवढंच. आता उद्या सकाळपर्यंत फूल हवंय ना?"

"हो बाई."

त्यांनी बाजाराच्या पिशवीतून कांद्याच्या पातीची जुडी काढली. आमच्याकडची पात हातभर लांब असते. एक पात माझ्या हातात दिली, टेबलावर स्वतःच्या चष्म्याची डबी उभी केली आणि म्हणाल्या, "ह्या आजी. ठेव फूल."

मी ठेवली.

"ही टाकलीस. परत."

बाकावरून सोरा म्हणाली, "दोग्यू, नमस्कार कर की कांद्याला. तोंडावर लाज तरी दिसेल." सोरा माझ्याच बाकावरची, लाज या विषयात तिचा अभ्यास दांडगा आहे.

मी ठेवत राहिलो, बाई "परत" म्हणत राहिल्या. एक पात मलूल झाली की दुसरी. वर्गाला सूपचा वास यायला लागला. गंमत म्हणजे बाई पातीकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष माझ्या कोपरावर. शेवटी पोरांचं हसणं संपलं, मलाही त्यांचा विसर पडला, आणि सकाळपासून डोळ्यांसमोर असलेला आजींचा फोटो आठवला. पात टेबलाला टेकायच्या जरा आधी हात आपोआप थांबला.

"हं," बाई म्हणाल्या. "ही मधली मांजर. बस इथे."

मग तो थांबलेला हात आम्ही कोडमध्ये उतरवायला घेतला. बोट काचेवर असेतो, आमच्याकडे गेलेल्या माणसापुढे ठेवतात ती पांढरी शेवंती बोटामागून यायची, पण किंचित मागे राहून, देठाला वजन असल्यासारखी. बोट उचललं की पडायची नाही. जरा थांबायची, मग खाली टेकायची. हे 'जरा' केवढं, यावर बाईंनी माझा जीव काढला. कमी झालं की "घाई कसली, बस चुकतेय?" जास्त झालं की "फूल झोपलं."

जमलं तेव्हा बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी शेवंती फोटोपुढे नेली, बोट उचललं. ती थांबली आणि टेकली. मी नकळत आपला तळवा पाहिला, देठाच्या पाण्याने ओला झालाय का म्हणून. काचेवर काहीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते मीच तर लिहिलं होतं. तरी पाहिला.

दुसऱ्या दिवशी, आजींना नेऊन आल्यावर, कू साहेबांचा फोन आला.

"बहीण बोटच उचलेना," ते म्हणाले. "उचललं की फूल ठेवलं जाणार. आईच्या चेहऱ्याशेजारी धरूनच बसली. इकडे आईला न्यायची गाडी सुरू झाली. मी फोनवर म्हटलं, ठेव गं आता. मग ठेवलं. ती विचारते, टेकायच्या आधी फूल थांबतं, ते कुणी थांबवलं?"

"आमच्या पांगबाईंनी."

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या फळा पुसत होत्या. हात क्षणभर फळ्यावरच राहिला. मग पुसायला लागल्या.

"आणि माझी जुडी?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी बिनपातीचं सूप केलं मी."

कोर्स संपून उन्हाळा आला. बाजारात गेलो की बाईंच्या नावाने एक जुडी घेतो. पण त्यांचा वर्ग शहराच्या त्या टोकाला, माझी खोली ह्या टोकाला, आणि मधे भूक लागते.