आधी चिंधी भिजवायची
आमच्या गल्लीतली शिवणवाली मावशी नवं कापड आलं की आधी त्याची चिंधी पाण्यात भिजवते. रंग सुटतो का, कापड आटतं का ते बघते, मगच कात्री लावते. सख्ख्या बहिणीनं आणलेल्या कापडावरही तिचा विश्वास नाही.

तिची आई पाय जाऊन अंथरुणाला खिळली ती कायमचीच. आता मावशीला मशीनचं पायडल जड जातंय आणि तिची लेक जिन्यात अडखळतेय. डॉक्टरीणबाईंनी थुंकीतून मावशीच्या जनुकांची तपासणी सांगितली. दोष नेमका कोणता ते कळलं, तर लेकीवर वेळेत उपचार करता येतील. थुंकी भरायला त्यांनी घरी नळी दिली.

माझाही या तपासणीवाल्यांवर काडीचा भरवसा नाही. काही न तपासताच रिपोर्ट देणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून निकालाच्या दिवशी मी बाह्या सरसावूनच मावशी आणि तिच्या नवऱ्यासोबत गेलो.

डॉक्टरीणबाई तापल्या होत्या. "मावशी, ही थुंकी पुरुषाची आहे! नळीत कोण थुंकलं?"

मावशीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "हे. तुम्ही खरंच तपासता का, ते बघायचं होतं."

"म्हणजे मी तुझी चिंधी?" नवरा म्हणाला.

"रंग सुटला नाही ना तुमचा? मग गप बसा."

मी माझं भांडण गिळलं. मावशीनं नवी नळी मागितली, आमच्यासमोर ती भरली आणि बाईंना म्हणाली, "आता झाकण माझ्यादेखत लावा. माझ्या लेकीच्या पायांचा प्रश्न आहे."