काट्याच्या पाच तारा

ते प्रकरण आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा लासलगाव भागात फौजदार होतो.

खबर दिली एका हमालाने. तो एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे कांदा उतरवून घेण्याच्या आवारात, गोण्या वाहायचा. म्हणाला, "साहेब, गोणी पन्नासची हाय का नाय, ते माझ्या पाठीला कळतं. काटा सत्तेचाळीस दावतो. तपासणीवाले आले का मग बरोब्बर पन्नास."

काटा इलेक्ट्रॉनिक होता आणि वजनमापे खात्याचं सील शाबूत होतं. सील न तोडता आतला प्रोग्राम बदलतो कसा, हे आमच्या डोक्यात शिरेना. मग काटे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला अंबडच्या काट्यांच्या कारखान्यातून, सगळ्या कामगारांदेखत उचलून आणलं. मूळचा सटाण्याकडचा, लग्न ठरलेला माणूस. पिशवीत चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र सापडलं आणि तेवढ्यावर मी त्याला चोर ठरवून टाकलं. दोन कानाखालीही दिल्या.

त्याने गाल चोळला आणि कागद मागितला. चिपचं चित्र काढून म्हणाला, "हिच्या पाच पिनांना मी कारखान्यातच, सील लागायच्या आधी, पाच तारा जोडल्यात. सप्लाय, ग्राउंड, रीसेट, क्लॉक आणि डेटा. त्या मागच्या रिकाम्या सॉकेटात आणल्यात. चिप काढायला नको, झाकण उघडायला नको. बाहेरून यंत्र लावलं की नवा प्रोग्राम आत जातो. दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून आमच्या कारखान्याच्या मालकांनी करायला लावलं. व्यापाऱ्याच्या भाच्याने हे माझ्याकडून शिकून घेतलं, साहेब. मला काय ठाऊक तो असं करेल?"

भाच्याच्या संगणकात दोन प्रोग्राम मिळाले, एक खरं वजन दाखवणारा आणि एक खोटं. गुन्हा उघडकीला आला म्हणून मी खूश होतो. तंत्रज्ञाला साक्षीदार केलं.

जप्तीच्या वेळी पंचांसमोर काटा उघडला. तंत्रज्ञ कळवळून म्हणाला, "साहेब, तारा कापू नका. कुठली तार कुठल्या पिनेला आहे, ते आधी लिहून घ्या. नाहीतर माझं कोणी खरं मानणार नाही."

"आता तू मला पंचनामा शिकवणार?" मी म्हणालो.

आमची रीत ठरलेली. प्रत्येक वस्तू वेगळी, तिचं पाकीट वेगळं, त्यावर लाखेचं सील. हवालदाराने ब्लेडने तारा कापल्या आणि चिप उपटून काढली. चिप, तारा आणि सॉकेट, अशी तीन पाकिटं झाली. लेबलं मात्र सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

प्रयोगशाळेने कळवलं, कोणती तार कुठे जोडली होती ते आता सांगता येत नाही. बचावाच्या वकिलाने सील शाबूत असल्याचा आमचाच पंचनामा वाचून दाखवला, मग प्रोग्राम आत गेला कसा असं विचारलं आणि या तारा भंगारातल्याही असतील म्हणाला. मामा-भाचे निर्दोष सुटले. खोटं बोलल्याचा ठपका राहिला तो तंत्रज्ञावर. नोकरी आधीच गेली होती, पाठोपाठ सोयरीकही मोडली.

काही वर्षांनी सटाण्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दिसलं. माफी मागायची म्हणून आत गेलो. त्याने मान वर केली आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक बसलंय. ओळख दाखवू नका."

मी बाहेर पडलो. ज्याला काम कळतं त्याचं आधी ऐकावं, हा धडा मी पुढे नोकरीभर पाळला. त्यावरून वरिष्ठांनी पाठही थोपटली. शिकलो मी, फी भरली त्याने.